मान हलवू नको, सांग

आमच्या वकीलताईंना मान हलवलेली चालायची नाही. समोरचा माणूस नुसता डोलायला लागला की त्या बोलणं थांबवायच्या, चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मान हलवू नको, सांग. मी आत्ता काय म्हणाले ते तुझ्या शब्दांत सांग." भल्याभल्यांची तिथं दातखीळ बसायची. चाकणला आमच्यासारख्यांची अर्धी नोकरी मान हलवण्यावरच चालते. ठेकेदार बोलला, हलवली. सुपरवायझर बोलला, हलवली. कागद पुढं आला की आधी मान, मग सही. त्यामुळे त्यांच्यासमोर मान ताठ ठेवून बसणं मला फार जड गेलं होतं.

बसायची वेळ आली ती माझ्या धाकट्या भावामुळं, संतोषमुळं. आम्ही हिंगोलीकडचे. मी आठवीतून शाळा सोडली, चाकणला पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये लागलो आणि पुढं संतोषलाही बोलावून घेतलं. तो दुसऱ्या एका कंपनीत टेम्पोत माल भरायचा. एक दिवस गेटवर तपासणीत खोक्यांच्या खाली तांब्याच्या तारेचं बंडल निघालं. संतोष म्हणत राहिला, दाखवले ते खोके भरले, खाली काय होतं मला ठाऊक नाही. पोलिसांनी त्याला आणि ड्रायव्हरला नेलं.

मी ठाण्याबाहेर उभा होतो. काय विचारायचं आणि कुणाला, तेच कळत नव्हतं. पांढऱ्या शर्टातला एकजण जवळ आला आणि म्हणाला, काळजी करू नको, उद्या बाहेर काढतो. मी सवयीनं मान हलवली होती. तेवढ्यात माझ्या शिफ्टमधल्या मित्रानं मला बाजूला ओढलं. "भावा, हा वकील आहे का, ते तरी विचारलंस का? कोर्टात जा. आत असलेल्याला ऐपत नसली तर सरकारतर्फे वकील मिळतो." फुकटचा वकील म्हणजे अर्धामुर्धाच असणार असं मला वाटलं. पण दुसरा इलाज नव्हता.

खेडच्या कोर्टात विचारत विचारत फुकट वकील देतात त्या खोलीपर्यंत गेलो. तिथं ताई भेटल्या. तिशीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, फोन उचलताना 'जय भीम' म्हणणाऱ्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी माझी शाळा किती झाली ते विचारलं. मी म्हणालो, आठवी, तीही अर्धी. "मग झालं की," त्या म्हणाल्या, "जामिनात आठवीच्या पुढचं काही नसतं."

जामीन म्हणजे केस मिटली, अशी माझी समजूत. आमच्या रूमवर सगळ्यांचीच तीच होती. ताईंनी ती काढायला अर्धा तास घेतला. "जामीन म्हणजे सुटला नाही. केस चालेपर्यंत घरी राहायची ती परवानगी आहे. बोलवाल तेव्हा येतो, सांगाल तसा वागतो, असा कोर्टाला दिलेला शब्द. शब्द मोडला तर परत आत." हे मला तीन वेळा माझ्या तोंडानं सांगायला लागलं. तिसऱ्या वेळेला त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणजे मी पास.

जामीनदार कोण, हा पुढचा प्रश्न होता. इथल्या पत्त्याचा, कागदपत्रं असलेला माणूस पाहिजे. आम्ही बाहेरगावचे. ओळखीचे सगळे आमच्यासारखेच, भाड्याच्या खोलीतले. शेवटी घरमालक मामांना हात जोडले. मामा चाकणचे मूळ गाववाले, बोलायला फटकळ. ते म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय, पर माझा सातबारा अडकायचा न्हाई ना?" मी त्यांना ताईंकडं नेलं. ताईंनी त्यांनाही सोडलं नाही. पोरगं पळून गेलं तर जाब कोण देणार, इथपासून मामा सगळं घडाघडा बोलून दाखवत होते आणि मधेच माझ्याकडं बघून कुरकुरत होते, "ह्या बाईनं मला साठीत शाळंत घातलं राव." पण सही केली.

जामिनाचा हुकूम झाला त्या दिवशी ताईंचा दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला होता. फाइल छातीशी धरून जिना उतरता उतरता त्यांनी मला अटी सांगितल्या. दर सोमवारी ठाण्यात हजेरी, आणि जिल्ह्याबाहेर जायचं तर कोर्टाची परवानगी. माझ्या कानात एवढंच घुमत होतं की संतोष येणार. मी मान हलवली. त्या दिवशी त्यांना थांबायला वेळ नव्हता.

आईनं गावाकडं नवस बोलला होता. पोरगं तुरुंगाच्या दारातून निघेल ते थेट देवीच्या दारात येईल, मधे कुणाचा उंबरा ओलांडणार नाही. संतोषला येरवड्याहून मीच गाडीत बसवून दिलं. त्याला रूमवरसुद्धा आणलं नाही. माझ्या हातानं मी ते केलं. सोमवार गेला. हजेरी चुकली. जामीन रद्द करावा म्हणून पोलिसांनी कोर्टात अर्ज दिला.

ताईंचा फोन आला. संतोष कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, देवीला. मग त्या म्हणाल्या, "आजच्या आज निघायला सांग. आणि तू जेवून घे, उपाशी रडून काही होत नाही." मी रडतोय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

कोर्टात मी मागच्या बाकावर होतो. संतोष पिंजऱ्यात, कपाळावर अजून देवीचा मळवट. सरकारी वकिलांचं बोलून झालं. ताई उठल्या आणि त्यांनी नवसाचं सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही. मग म्हणाल्या, "साहेब, अट मी त्यांना जिन्यात चालता चालता सांगितली. समजली का, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं. तेवढी चूक माझी आहे."

इतकी वर्षं मी या पट्ट्यात काम करतोय. प्रेसवर बोट गेलं तरी चूक बोटाचीच असते. वरच्या माणसानं उभं राहून, चारचौघांत, आमच्यासाठी स्वतःची चूक सांगितलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. कोर्टानं ताकीद दिली आणि जामीन राहू दिला.

बाहेर आल्यावर मात्र ताईंनी आम्हा दोघांची अशी खरडपट्टी काढली की चहावाला किटली हातात घेऊन बघत उभा राहिला. "अरे, रीतसर अर्ज केला असता तर परवानगी मिळाली असती. कोर्टानं देवीला नाही म्हटलं नसतं!" मग त्यांनीच तीन चहा सांगितले. त्यांचे वडील पिंपरीत मशिनवर होते. चहा पिता पिता म्हणाल्या, "आमच्या घरी कंपनीचा कागद आला की आधी सगळे घाबरायचे, मग वाचायचे. मी ते उलटं करायला शिकले, एवढंच माझं शिक्षण."

पुढं दोन वर्षं तारखा चालल्या. त्यातच ताई न्यायाधीशाच्या परीक्षेत पास झाल्या. लांबच्या जिल्ह्यात नेमणूक मिळाली. मी पेढे घेऊन गेलो, तर माझ्याच पेढ्यातला अर्धा त्यांनी मला दिला. आमची फाइल दुसऱ्या वकिलांकडं कशी गेली ते समजावलं, आणि म्हणाल्या, "आता मी कुणाची वकील नाही. पक्षकारांनी मला फोन करायचा नाही, भेटायला यायचं नाही. माझा नंबर खोडून टाक." मी त्यांच्यासमोर खोडला. मान खाली घालून खोडला, म्हणजे डोळे दिसू नयेत.

तेव्हापासून कोर्टाच्या जिन्यात टाचांचा आवाज आला की मी वर बघतो. नवे वकील चांगले आहेत, कामाचे आहेत. पण तारखेच्या आदल्या दिवशी, जेवलास का, असं विचारणारा फोन येत नाही.

मागच्या महिन्यात निकाल लागला. संतोष निर्दोष सुटला, आणि या वेळेला सुटला म्हणजे खरंच सुटला. त्यानं आईला फोन केला, मामांना केला. मग मोबाइल हातात धरून तो तसाच उभा राहिला. कुणाला सांगायचं राहिलंय ते दोघांनाही माहीत होतं. अटकेत मोबाइल काढून घेतात म्हणून ताईंनी स्वतःचा नंबर आम्हा दोघांकडून तोंडपाठ करून घेतला होता. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून संतोष तो हळूच म्हणायला लागला. पाचव्या आकड्याला मीही त्याच्यात मिसळलो. दहाही आकडे म्हणून झाले आणि आम्ही मोबाइल खिशात ठेवून दिले.