सिगारेट सोडल्याचा तिसरा दिवस

सिद्धेश्वरासमोर मी सिगारेट सोडायची शपथ चारदा घेतली आणि चारही वेळा मोडली. पुढे देवळात जायचीच लाज वाटू लागली. माझ्यासारख्याचं देव ऐकत असेल का, ही शंका मनात घर करून बसली. गेल्या उन्हाळ्यात डाव्या पायाची बोटं काळीनिळी पडली. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या आकसल्यात, आता सिगारेट तरी राहील नाहीतर पाय तरी. त्यांनी निकोटिनचं च्युइंगम लिहून दिलं, पण मी ते आणलंच नाही. या वेळी स्वतःच्या जोरावर सोडायची, असा माझा हट्ट होता.

दोन दिवस कसेबसे निघाले. तिसऱ्या सकाळी डोकं ठणकत होतं. चहा गार झाला एवढ्यावरून मी बायकोवर ओरडलो. ती कप उचलून आत गेली. मला घरात बसवेना. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर पानटपरी आहे, पाय तिकडेच वळले. सिगारेट घेऊन ओठात धरली. हात इतका थरथरत होता की पेटवलेली काडी विझली. दुसरीही विझली.

शेजारी उभ्या असलेल्या रिक्षात एक वयस्कर मुसलमान चाचा बसले होते. ते माझ्या हातांकडे बघत होते. "कितवा दिवस, साहेब?" त्यांनी विचारलं. मी चपापून म्हणालो, "तिसरा."

"तिसरा लई वाईट असतोय. बिडी सोडली तवा माझं बी असंच झालतं. या, बसा आत. धा मिनिटांनी वाटलं तर वढा की, मी अडवनार न्हाई."

का कोण जाणे, मी बसलो. त्यांनी पाण्याची बाटली दिली, तळहातावर बडीशेप ठेवली. मी चावत राहिलो, ते सावकाश सांगत राहिले. "जन्माची सोडायला गेलो, ते कदी जमलंच न्हाई. मग सकाळच्या नमाजाला म्हनायचो, दुपारच्या नमाजापर्यंत सांभाळ. दुपारी पुन्हा म्होरच्या नमाजापर्यंतचं मागायचं."

ऐकता ऐकता ती ओढ ओसरली. बोटांतली सिगारेट मी चुरगाळून टाकली. तेवढ्यात भाडं आलं, मी उतरलो आणि चाचा निघून गेले. नाव विचारायचंही राहिलं.

तिथून मी सिद्धेश्वराला गेलो. या वेळी शपथ घेतली नाही. हात जोडून म्हणालो, "संध्याकाळपर्यंत सांभाळ." परतताना च्युइंगम घेतलं, घरी आल्यावर बायकोची क्षमा मागितली. पुढचे आठवडे जड गेले. झोप उडाली, खोकला वाढला. ओढ आली की पाणी प्यायचो, दहा मिनिटं चालायचो आणि पुढच्या वेळेपुरतं मागायचो. एकदा ऑफिसबाहेर एक सिगारेट ओढलीही. पूर्वी तिथेच सगळं संपलं असतं. त्या दिवशी पुन्हा संध्याकाळपर्यंतचं मागितलं.

आता वर्ष होत आलं. पाय शाबूत आहे. वाटतं, शपथा घेताना मी देवाला माझी ताकद दाखवत होतो. त्या सकाळी थरथरत्या हातांसकट त्याच्यापुढे पहिल्यांदा उभा राहिलो. चाचांना त्यानेच धाडलं का, मला ठाऊक नाही. ते पुन्हा दिसले नाहीत. स्वतःसाठी मी अजून संध्याकाळपर्यंतचंच मागतो. चाचा जिथे असतील तिथे सुखात असोत, एवढं मात्र मुदत न घालता मागतो.