मिस्त्रींचा कूलर आणि माझी तिसरी गिटार

वर्ध्याच्या उन्हाळ्यात गिटार बनवणं म्हणजे डोक्याला ताप, आणि त्या तापाचं मूळ होतं मिस्त्रींचा कूलर. घरात कूलर एकच, तोही पुढच्या खोलीतल्या गिटारींच्या कारखान्याच्या खिडकीत. त्यामुळे दुपारी अख्खं घर माझ्या कामाशेजारी येऊन लवंडायचं. शिवाय मिस्त्रींचे सासरे. ते रोहण्याहून मुलीला भेटायला म्हणून यायचे आणि कूलरला भेटत महिनाभर राहायचे.

मी आठवीतून शाळा सोडून सावंतवाडीकडून आलेलो. मिस्त्रींनी काम शिकायला ठेवून घेतलं, घरच्यासारखं जेवायला घातलं. ते मी विसरलेलो नाही. पण माझ्या हातच्या दोन गिटारी गिऱ्हाइकांकडून परत आल्या, दोन्हींची वरची फळी उभी तडकलेली.

"तिसरी तडकली तं तुले गाडीत बसवून देईन," मिस्त्री म्हणाले. घरी जाऊन काय तोंड दाखवणार होतो?

कारण मला कळलं होतं. कूलरच्या ओल्या वाऱ्यात देवदाराची फळी फुगायची आणि त्या फुगलेल्या फळीलाच मी आतून आडव्या पट्ट्या सरसाने चिकटवायचो. पुढे गिऱ्हाइकाच्या कोरड्या खोलीत फळी आखडू बघायची, पट्ट्या तिला आखडू द्यायच्या नाहीत, आणि ती फाटायची.

"फळी सुकून पट्ट्या बसेपर्यंत दोन दिवस कूलर बंद ठेवू या," मी म्हणालो.

"माणसं भाजून राह्यली, अन् हा लाकडाची तब्येत पाहून राह्यला," मिस्त्री म्हणाले.

"काऊन बे, आम्ही लाकडापेक्षा हलके आहो का?" सासऱ्यांनी पडल्यापडल्या विचारलं.

मी पट्ट्यांना हात लावला नाही. गिटारीच्या मानेला कानस मारत राहिलो. मला जागा उरली होती ती कूलरपुढे. भुसा वाऱ्याबरोबर थेट सासऱ्यांच्या तोंडावर. दुसऱ्या दुपारी ते थुंकत उठले आणि त्यांनी बटण बंद केलं.

"लाव तुह्या पट्ट्या. अन् परवा हा चालू नाई झाला तं तूच पंखा घेऊन बसजो माह्यापाशी."

दोन दिवस ते डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन पायरीवर बसले आणि तिथून मला शिव्या देत राहिले.

तिसरी गिटार परत आली नाही. गाडीचं नाव मिस्त्रींनी पुन्हा काढलं नाही. चौथी फळी मात्र माझ्या हातात ठेवली ती भर दुपारी, कूलर चालू असताना.

"आजच लावून टाक पट्ट्या."

आता या माणसाला काय सांगायचं? मी कानस उचलली. सासऱ्यांनी एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं, दुपट्टा घेतला आणि निमूट उठून बटणाकडे गेले.