मी दुमडलेलं उजवं पान

आमच्या गावातली झेडपीची शाळा कशामुळे बसली हे कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं. "मॅडमला शुद्ध मराठी येत न्हाई. पोरं बिघडली." हे वाक्य आता इतकं रुळलंय की ज्यांच्या घरात शाळेत जाणारं मूलच नाही, तेही ते म्हणतात. मागे पिंगळीच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलो होतो, तर शेजारच्या गावच्या एका माणसानं तेच वाक्य मला ऐकवलं. मी मान खाली घातली. ते वाक्य माझं आहे. ते खोटं आहे, आणि बोलतानाही ते खोटं असल्याचं मला माहीत होतं.

मी स्वतः शिक्षक. नोकरीची शेवटची बरीच वर्षं याच शाळेत काढली आणि इथेच निवृत्त झालो. गाव मला अजून गुरुजी म्हणतं. लग्नाची पत्रिका छापायला जाण्याआधी माझ्या नजरेखालून जाते. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून चुकत नाही, याचा मला भारी ताठा. हा ताठा कुठून आला तेही सांगतो. मास्तरकीचं शिक्षण घेत असताना एका सरांनी मला वर्गासमोर उभं केलं आणि "आमी न्हाई, आम्ही नाही" असं दहा वेळा म्हणायला लावलं. वर्ग हसला. त्या सुट्टीत गावी आलो तो पुस्तकातलं बोलतच. माझी आई म्हणाली, "बाबा, आमच्याशी कामून कलेक्टरावानी बोलायलास?" पण मी बदललो तो बदललोच. पुढे वर्गात कुणी 'लय' म्हटलं की माझी छडी उठायची.

माझी शाळा कडक म्हणून नावाजलेली होती. तपासणीच्या वहीत साहेबांचे शेरे चांगले असायचे. ते शेरे कसे मिळत, हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. साहेब यायच्या आदल्या दिवशी मी पाच-सहा कच्ची मुलं बाजूला घ्यायचो आणि म्हणायचो, "उद्या घरी राहा." ती आनंदानं उड्या मारत जायची. दुसऱ्या दिवशी उरलेली मुलं पाठ केलेला धडा बोट फिरवत म्हणून दाखवायची. साहेब खूश, गाव खूश. घरी राहिलेली मुलं तशीच चौथी पास होऊन शेतात गेली.

मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी या बाई आल्या. मुलं त्यांना मॅडम म्हणत, पण माझ्या तोंडात बाईच बसलं. त्या मूळ पूर्णेच्या, वडील रेल्वेत होते. परभणीहून स्कूटीवर यायच्या. शाळेत त्या आणि एक मुख्याध्यापक, दोघांत चार वर्ग. पहिल्याच महिन्यात त्यांनी घरोघरी जाऊन आयांना विचारलं, "तुमचं लेकरू घरी काय काय बोलतं?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शाळेची बाई घरचं बोलणं विचारते, हे नवलच होतं.

त्यांची पद्धत अशी. प्रत्येक मुलाला एक वही. उघडली की डाव्या पानावर घरी जसं बोलतो तसं लिहायचं, उजव्या पानावर तेच पुस्तकाच्या भाषेत. शाळेच्या भिंतीला लागूनच रस्ता आहे. दूध आणायला जाताना मला आतलं ऐकू यायचं.

"मॅडम, 'इसरलो' पुस्तकात कसं लिहितेत?"

"तूच सांग."

"विसरलो."

"मग घरी तो 'व' कुठं जातो?"

"'व' घरी यायला इसरतो, मॅडम!"

सगळा वर्ग हसायचा, बाईही हसायच्या. मी मात्र रस्त्यावर उभा राहून रागानं फुलायचो. छडी नाही, धाक नाही, आणि 'इसरलो' फळ्यावर!

एक दिवस मी मारुतीच्या पारावर बसलो होतो. आणखी तीन-चार जण होते. माझा एक जुना विद्यार्थी हातात वही घेऊन आला. आता तो चाळिशीकडे झुकलेला, कापूस-सोयाबीन करणारा गडी. माझ्या काळातल्या कच्च्या मुलांपैकी तो एक. त्याला वाचता येत नाही. त्याची मुलगी तेव्हा दुसरीत होती.

"गुरुजी, पोरगी रोज लिहीत बसायलीय. मला काई कळत न्हाई. तेवढं बघा बरं, अभ्यास बरोबर हाय का."

मी वही उघडली. डाव्या पानावर होतं: "माजी आजी शेतात जायली. तिचे पाय दुखायलेत. तरी बी ती बसत न्हाई." उजव्या पानावर: "माझी आजी शेतात जात आहे. तिचे पाय दुखत आहेत. तरीही ती बसत नाही." एकही चूक नव्हती. त्याच्याखाली मुलीनं आपल्या मनानं एक ओळ लिहिली होती: "पण आजीला असं सांगितलं तर ती हसते." आणि त्याखाली बाईंनी हिरव्या शाईनं लिहिलं होतं: "मग आजीला डाव्या पानातलं सांग."

हे वाचून मला काय वाटलं ते नीट लिहायला हवं. माझ्या सगळ्या नोकरीत दुसरीच्या एकाही मुलानं आपल्या मनातलं एक वाक्य माझ्यासमोर लिहिलं नव्हतं. आणि माझ्याकडे वाचायला न शिकलेल्या माणसाची ही मुलगी दोन भाषांत लिहीत होती. मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी वर आलं. मी उजवं पान मागे दुमडलं, वहीच्या पाठीला लावून धरलं आणि डावं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. "जायली! शाळेच्या वहीत 'जायली', 'दुखायलेत'! आणि लाल रेघ एक नाही."

एक जण म्हणाला, "मंग शाळेत कामून धाडायचं? एवढं तर म्हशीमागं हिंडून बी येतंय."

सगळे हसले. पोरीचा बाप हसला नाही. "म्हंजे चुकीचं हाय का, गुरुजी?"

"चुकीचं काय विचारतोस? बाईंनाच शुद्ध मराठी येत नसावी."

त्यानं वही हातात घेतली, चोरीची वस्तू लपवावी तशी काखेत घातली आणि निघून गेला.

पुढच्या जूनमध्ये शहरातल्या एका इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात आली. एका फेरीत नऊ मुलं गेली. त्यांत ती मुलगीही होती. पट घसरला, मुख्याध्यापकांची बदली दुसऱ्या गावी झाली आणि चार वर्ग एकट्या बाईंवर आले. कुणी मुलं का काढली विचारलं की जो तो म्हणे, "खुद्द गुरुजींनी वही बघितली ना!"

दिवाळीत तो बाप मुलीला माझ्याकडे घेऊन आला. "गुरुजी, फाडफाड बोलती बगा आता." मुलीनं हाताची घडी घालून 'माझे गाव' या विषयावर इंग्रजीतल्या दहा ओळी एका दमात म्हटल्या. त्यात गावामागे डोंगर होता. मी विचारलं, "कोणता गं डोंगर?" ती पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणू लागली. आमच्या गावाच्या चारी बाजूंनी सपाट काळी जमीन आहे, डोंगर बघायचा तर लांब जावं लागतं. मी म्हटलं, "बरं, आजीबद्दल दोन ओळी लिहून दाखव." तिनं वडिलांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ते पाठ न्हाई आमाला." बाप खुशीतच होता.

त्यानंतर एक दिवस बाई माझ्या घरी आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. त्यांनी माझ्या बायकोच्या हातचं पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, चार वर्ग आहेत आणि मी एकटी. रोज तासभर याल का? ऱ्हस्व-दीर्घाला तुमच्यासारखं माणूस गावात नाही. उजव्या पानाला तुम्ही हवे आहात." 'उजव्या पानाला' म्हणताना त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

मी जायला लागलो. जे रस्त्यावरून ऐकून रागावत होतो ते आता आत बसून पाहिलं. बाई एका वर्गाला वाचायला लावून दुसऱ्याला गणित घालत, पण कोणत्या मुलाचं कुठं अडतंय हे त्यांना वही न बघता ठाऊक असे. जे मूल दोन दिवस आलं नाही त्याच्या घरी संध्याकाळी त्यांची स्कूटी उभी. खिचडी वाटताना त्या भांड्यावरची अक्षरं वाचून घेत. तिसरीतली मुलं वर्तमानपत्र वाचत आणि कळलं नाही की बेधडक विचारत. माझ्या वर्गात विचारण्याची कुणाची छाती नव्हती, आणि मी त्यालाच शिस्त समजत होतो.

मग एके दिवशी साहेब तपासणीला आले. मी कोपऱ्यात बसलो होतो. साहेब म्हणाले, "मॅडम, एखाद्या मुलाला वाचायला सांगा." बाईंनी वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलीला पुढे बोलावलं. ती अडखळत वाचू लागली. 'स्वच्छ'पाशी थांबली ती थांबलीच.

बाई म्हणाल्या, "साहेब, हिला अजून जोडाक्षरं येत नाहीत. उन्हाळ्यापर्यंत येतील. ज्यांना येतं त्यांचं नंतर ऐका, आधी हिचं ऐका, कारण हिच्यासाठी मला गोष्टींची सोपी पुस्तकं हवी आहेत."

मुलगी घाबरली नव्हती. "'च'ला 'छ' चिकटलाय, सर," असं तिनं साहेबांनाच समजावून सांगितलं. साहेब हसले, पुस्तकांचं लिहून घेतलं. मी मात्र उठून बाहेर ओसरीत आलो. 'उद्या घरी राहा' म्हणून मी ज्यांना पाठवलं त्या मुलांचे चेहरे मला एकेक करून आठवत होते.

साहेब गेल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. पान दुमडल्याचंही. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे, गुरुजी. वही त्या मुलीनंच दाखवली होती. पानावर घडी होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या शब्दापुढं माझं कोण ऐकणार होतं? मी ठरवलं, पोरं वाचती करायची." मग म्हणाल्या, "पण मला सांगून काय होणार? ज्यानं वही आणली होती त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी पारावर मुलीचा बाप होता, तेव्हा हसलेलेही होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं की त्या वहीत दोन पानं होती, मी एकच वाचलं. दुसऱ्या पानावर मुलीनं शुद्ध लिहिलं होतं, माझ्याइतकं शुद्ध. बाईंचं काही चुकलं नव्हतं. ज्यानं म्हशीची थट्टा केली होती तो चप्पल घालू लागला.

बाप म्हणाला, "म्हंजे तुमी पान दुमडलं, गुरुजी? मला वाचता येत न्हाई म्हून?"

"होय."

"आन साहेब यायच्या दिशी मला घरी धाडायचे, ते बी ह्याच्यासाठीच?"

मला वाटत होतं, त्याला ते कधी कळलंच नसेल. "होय," मी म्हणालो. "तू वाचायला बस माझ्याकडं. अजून शिकवीन."

"न्हाई, गुरुजी." तो रागानं नाही बोलला. दुसऱ्याच्या हातातला बैलाचा कासरा आपल्या हाती घ्यावा तसा बोलला. "पोरीला आता कुठं घालायचं ते मी बघतो. तुमाला न्हाई विचारीत."

पुढच्या सोमवारी तो दहाच्या घंटेला शाळेत आला आणि ओसरीत भिंतीला टेकून बसला. परिपाठ झाला, वाचन झालं, गणित झालं. तो मधल्या सुट्टीपर्यंत उठला नाही. वर्गात कोण काय बोलतं, बाई कुणावर ओरडतात का, अडलेल्या पोराजवळ बसतात का, हे त्यानं डोळ्यांनी आणि कानांनी तपासलं. त्याला वाचायची गरज पडली नाही. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. आठवडाभरात मुलगी परत आली. तिच्यामागून दोन आली. बाकीची सहा अजून पिवळ्या गाडीतच जातात, आणि बाईंच्या मराठीबद्दलचं माझं वाक्य गावोगाव फिरतंच आहे. म्हणून हे लिहिलं.

तो माणूस हल्ली कागद वाचून घ्यायला मॅडमकडे जातो. त्याचं मला वाईट वाटत नाही असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. ज्याला आपलं मूल कुठल्या शाळेत घालावं असा प्रश्न पडला असेल, त्यानं पारावरच्या कुठल्याही गुरुजीला विचारू नये. मलाही नाही. दहा वाजता शाळेत जावं आणि ओसरीत बसून राहावं.