आजोबांची कबर मी शोधली

माझे मूर्खपणाचे बरेच किस्से तुम्हाला पाठ आहेत. दुबईतला हा एक मात्र मी आजवर गिळून बसलोय. आज सांगूनच टाकतो, चहा निवला तरी चालेल.

साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा दुबईत रस्ते कमी आणि वाळू जास्त. मी रत्नागिरीचा, वय सव्वीस, दुबईच्या देरा भागात एका व्यापाऱ्याकडे टायपिस्ट. निघताना अब्बांनी एकच काम सांगितलं होतं. माझे आजोबा, इब्राहीम, गलबतं बांधणारे सुतार. अब्बा दोन वर्षांचे असताना ते कामासाठी दुबईला आले. काही वर्षं पत्रं आली, मग बंद. माणूस तिकडेच वारला, असं घरानं धरलं.

"कबर सापडते का बघ," अब्बा म्हणाले. "मला बापाचा चेहरा आठवत नाही. जागा तरी बघू दे."

आता, माझ्या खोलीतच श्रीवर्धनचे उस्मानभाई राहायचे. पंधरा वर्षं दुबईत, अरबी अगदी तोंडात बसलेली. कुणीही शहाणा माणूस त्यांना सोबत घेऊन गेला असता. मी एकटा गेलो. का? तर मला येऊन दोन महिने झाले होते, आणि शेठनी एकदा माझ्या अरबीला शाबासकी दिली होती. दोन महिन्यांत भाषा येत नाही हो, नुसता माज येतो.

कब्रस्तानात नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. वाळूचे उंचवटे आणि उभे दगड, बस्स. राखण करणारा एक म्हातारा सावलीला बसला होता. इब्राहीम हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातला, सुतार, त्याची कबर कुठे, असं मी माझ्या अरबीत विचारलं. त्यानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग हात लांब करून म्हणाला, "मब हिनी. अजमान."

'हिनी' म्हणजे इथे, हे मला येत होतं. 'मब' येत नव्हतं, ते मी सोडून दिलं. अजमान हे किनाऱ्यावरचं दुसरं गाव, त्याचं जुळवून घेतलं. आजोबा अजमानला कामाला असणार, दुसरं काय! म्हाताऱ्याचं बोट गेलं त्या दिशेला शेवटच्या ओळीत एक कबर होती. आजूबाजूच्यांना दोन-दोन दगड, हिला तीन. मला अभिमानसुद्धा वाटला. साधा सुतार, पण केवढा मान!

मग काय विचारता. मी तिथे बसून रडलो. आजोबांच्या नावाची लाकडी पाटी करून लावली. त्यांच्या नावानं आपली माणसं जेवायला बोलावली. बाजारात ज्याला-त्याला सांगितलं. अब्बांना चार पानी पत्र टाकलं. दर शुक्रवारी जाऊन फातिहा पढायचो. तो म्हातारा दोनदा माझ्याजवळ येऊन काहीतरी सांगू लागला, तर मी त्याच्या हातात खजूर ठेवले आणि शुक्रान म्हणून वाटेला लागलो.

असं दीड वर्ष. मग अब्बा आले. आगबोटीत पाच दिवस पोटात अन्न ठरलं नाही, पण उतरल्या उतरल्या म्हणाले, आधी तिकडे चल. अब्बांच्या मानाखातर उस्मानभाईही आले.

अब्बा कबरीशी बसले. साठीला आलेला माणूस लहान मुलासारखा हळूच म्हणाला, "मी महंमद. तुमचा मुलगा."

तेवढ्यात तो म्हातारा उस्मानभाईंना गाठून बोलू लागला. उस्मानभाईंचा चेहरा बघता बघता उतरला. त्यांनी मला बाजूला ओढलं.

"दीड वर्ष कुणासाठी पढतोयस तू? ही बाईमाणसाची कबर आहे. तीन दगड बाईला लावतात."

"पण तो हिनी म्हणाला होता."

"मब हिनी. इथे नाही. तुझा आजा अजमानला राहतो, हे सांगत होता तो तुला."

राहतो! अब्बांना हे कसं सांगितलं ते विचारू नका. एका जीपमध्ये जागा मिळाली, वाळूतून तासाभराचा रस्ता. इतकंच अंतर होतं. अजमानला दार उघडलं त्या माणसाला अब्बांचंच नाक होतं. राशीद, आजोबांचा इकडचा मुलगा. आजोबा चार महिन्यांपूर्वी वारले, असं त्यानं सांगितलं.

अब्बांनी एकच विचारलं, आमची आठवण काढायचे का. राशीद सांगत गेला, उस्मानभाई आम्हाला समजावत गेले. इकडे दुसरं घर झालं, त्या शरमेनं आजोबांनी पत्रं बंद केली. पण रत्नागिरीचं गलबत आलं की किनाऱ्यावर जाऊन चौकशी करायचे. शेवटी एकदा मुलाला बघून यायचं म्हणून त्यांनी गाठोडंही बांधलं. त्याच आठवड्यात दुबईच्या बाजारातून आलेल्या कुणीतरी बातमी दिली, की इब्राहीम सुताराच्या नातवाला त्याची कबर सापडली, पाटी लावली, लोकांना जेवू घातलं.

राशीद त्यांना म्हणाला होता, नातू जवळच आहे, चला, भेटवतो.

"नको म्हणाले," उस्मानभाईंनी मान खाली घालून सांगितलं. "पोरानं चार लोकांना जेवू घातलंय. मी जिवंत उभा राहिलो तर लोक त्याला हसतील."

अब्बा उठले आणि राशीदला म्हणाले, आता जागा तरी दाखव.

तर माझं हसं होऊ नये म्हणून माझे आजोबा मेलेले राहिले. आणि मी बघा, तीच गोष्ट सांगून तुम्हाला हसवायला बसलोय.