हो की नाही

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर कुसुमताई भाड्याने राहतात. त्यांचा वयाने मोठा, पण मतिमंद मुलगा दुपारी ओरडतो, म्हणून तक्रारी आल्या. आम्ही समितीवाल्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. त्याला घरातल्या मागच्या खोलीत हलवायचं, असं जवळजवळ ठरलंही होतं.

पण सभेत कुणीतरी ओरडलं, "तुम्ही कोण ठरवणारे? सगळ्यांना विचारा! त्यांना राहू द्यायचं? हो की नाही?"

अध्यक्षांनी लगेच मान डोलावली. "अहो, पण खोली बदलली तर?" मी म्हणाले, तोवर 'नाही'साठी भराभर हात वर गेले होते.

देशांची सार्वमतं अशीच होत असतील का? संसदेत निवडून दिलेल्यांनी ऐकायचं, भांडायचं, मधला मार्ग काढायचा. तेच अंग काढून घेतात, आणि 'पण' म्हणायला जागाच उरत नाही.

कुसुमताई दाराशी उभ्या होत्या. "आता मी कुणाशी बोलू?"

"हा माझा निर्णय नाही, ताई. सगळ्यांचा आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा चेहरा किती हलका झाला होता!

"पुढचा विषयही असाच घ्या," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांना ते पटलं.