डाव्या सीटचा पट्टा

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक, हात जोडून आणि टोपी काढून कळवण्यात येते की — माझी गाडी आस्तिक आहे. माझ्याबद्दल खात्री नाही. गाडीबद्दल आहे.

आता मूळ मुद्दा. मी लातूरचा. भांड्यांचं दुकान आहे, वय पन्नास पार, रक्तदाब सोडला तर बाकी सगळं ठीक. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. या सदरात लोक लिहितात ते पांढऱ्या साडीतले किस्से मी वाचतो ते फक्त दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून. जातीने लिंगायत, पण गळ्यात लिंग घालत नाही. माझं लिंग देवघरात असतं, आणि त्यावरून आमची सौ. रोज सकाळी मला दोन शब्द ऐकवते. एवढं सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

तर मला हौस होती एका गाडीची. डिझेल, ऑल-व्हील ड्राइव्ह, आखूड पण तोरेबाज, आत सगळीकडे अस्सल कातडी सीटा. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच त्यांच्या अब्रूचा प्रश्न नको. नवी घ्यायची ऐपत नव्हती, जुनी मिळाली... धर्माबादला. तिथल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याची, आप्पांची. आप्पा दहा महिन्यांपूर्वी वारले. गाडी तेव्हापासून पत्र्याच्या शेडखाली उभी होती आणि त्यांच्या पत्नीला, महादेवीकाकूंना, ती डोळ्यांसमोर नको होती.

मी गाडी बघायला गेलो. पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर अंथरलेली पांढरी सुती चादर. मी मनात म्हणालो, व्वा! लाखांची सीट आणि वर लॉजची चादर! ती ओढून डिक्कीत फेकली. काकू ओसरीतून बघत होत्या.

किल्ली देताना म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू? गाडीत काई सापडलं तर कळवा. आप्पाचं लिंग सापडंना झालंय."

झालं असं होतं — आप्पा स्वतः गाडी चालवत काकूंना घेऊन नांदेडला दवाखान्यात गेले. छातीचं स्कॅन करायचं होतं. अंगावर धातू नको, असं आधीच सांगितलेलं. काकू फाइल घेऊन आत गेल्या. आप्पा म्हणाले, मी लिंग काढून गाडीत ठेवतो आणि येतो. आले, आत गेले, आणि घरी परतलेच नाहीत. सगळ्यांनी गाडी उलटीपालटी केली. सीटखाली, पायपुसण्याखाली, समोरच्या खणात, डिक्कीतही डोकावून. एका गॅरेजमध्ये पुढच्या सीटा काढूनसुद्धा पाहिलं. नाही म्हणजे नाही.

"मग स्वामीनं हातावर नवं लिंग दिलं आन् समाधीत बसवलं," काकू म्हणाल्या. "पण जल्माचं ते न्हवतं ना. माझा माणूस दुसऱ्याचं लिंग घेऊन बसलाय असं वाटतंय मला. झोप न्हाई बघा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्यात बाळ जन्मल्यावर स्वामी, म्हणजे आमचे पुरोहित, चांदीच्या डबीत लिंग घालून गळ्यात बांधतात आणि माणूस त्याच लिंगासह, बसलेल्या स्थितीत, मातीत जातो. मधे ते अंगापासून सुटू द्यायचं नसतं. हे मला माहीत होतं. तरी मी दुकानदारी आवाजात "हो हो काकू, बघतो की" म्हणालो आणि निघालो. बघितलं काहीच नाही. लाज वाटते सांगायला, पण मला घाई होती गाडी लातुरात मिरवायची.

नायगाव मागे पडलं आणि सुरू झालं. टिंग... टिंग... टिंग.

समोर लाल दिवा. डाव्या सीटवर माणूस बसलाय, त्याने पट्टा लावलेला नाही. सीट रिकामी. मी एकटा. भर दुपारचे दोन, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. हात फिरवून पाहिला, सीट गार, एसीमुळे. पट्टा ओढून रिकाम्या सीटवर अडकवला. तरी टिंग टिंग. अहमदपूर आलं, टिंग टिंग. लातुरात घरासमोर गाडी बंद केली तेव्हा माझ्या कानांत देवळातली घंटा वाजत होती.

दुसऱ्या दिवशी सौ.ला बसवलं, पट्टा लावला, औशाच्या रस्त्याला निघालो. टिंग टिंग!

"मी काय मेलेय का?" सौ. कडाडली. "जिवंत बाई पट्टा लावून बसलीय, तुमच्या गाडीला दिसत नाही?"

मग रफिक उस्ताद. जुना मिस्त्री, माझ्या पहिल्या स्कूटरपासूनचा. त्याने लॅपटॉप जोडला, सीटखालची वायर काढली, परत लावली. "सेटजी, मशीन बोलरी कुच नै. गाडी एकदम फिट." आम्ही दोघं फेरी मारायला निघालो. औशाकडे जाताना टिंग टिंग. त्याने वैतागून गाडी वळवली — बंद. परत वळवली — सुरू. उस्तादने माझ्याकडे बघितलं. मी उस्तादकडे.

आम्ही दोन म्हातारे घोडे, तासभर रिंगरोडवर तोच खेळ करत होतो. तोंड नांदेड-धर्माबादच्या दिशेला असलं की गाडी गप्प. इतर कुठेही वळवा, टिंग टिंग. शेवटी उस्ताद उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "ये गाडी नै सेट, ये तो होकायंत्र है." मजुरी घेतली नाही. माझ्या माहितीतली ही त्याची पहिलीच वेळ, आणि खरं सांगतो, मला तीच गोष्ट सगळ्यात अमानवीय वाटली.

पुढच्या रविवारी सौ.ला घेऊन मेव्हण्याच्या शेतावर गेलो. बसू, सौ.चा धाकटा भाऊ, चेष्टेखोर. आप्पांच्या हरवलेल्या लिंगाची हकिकत सौ.ने त्याला आधीच सांगितलेली. उसाला पाणी सोडलेलं, पाट फुटून गाडीवाट काळ्या चिखलात बुडालेली. बसू बांधावरून ओरडला, "दाजी, तिथंच थांबा! ट्रॅक्टर बी फसलाय काल!"

आता सांगा, ऑल-व्हील ड्राइव्हवाला माणूस थांबेल का? मी काच खाली केली, "बघ आता!" म्हणालो आणि घातली. डिझेल इंजिनने डरकाळी फोडली. चारही चाकं एकदिलाने फिरली... जागच्या जागी. गाडी दारापर्यंत खाली गेली. बसू बांधावर बसून हसत होता.

"चारीच्या चारी फिरून ऱ्हायलेत दाजी! पैसे वसूल!"

ट्रॅक्टर आणायचा ठरला. ओढायला दोर बांधायचा तर पुढे हूक लावावा लागतो आणि तो डिक्कीत अवजारांबरोबर असतो. मी चिखलातून मागे गेलो. चादर बाजूला केली, तळाचं झाकण उचललं. स्टेपनीवर फोमचा साचा, त्यात जॅक, पाना, हूक, सगळं नवंकोरं, कधी हातच न लागलेलं. आणि जॅकच्या शेजारच्या खाचेत, पांढऱ्या रुमालात घडी घालून ठेवलेली चांदीची डबी. दोऱ्यासकट.

मागे बसू आला होता. त्याने डबी पाहिली आणि त्या चिखलात पायातल्या चपला काढल्या. हसणं कुठल्या कुठे गेलं. "दाजी... ही त्या आप्पांची."

मी म्हणालो, "पण इथं का? समोर एवढा मोठा खण असताना?"

उत्तर सौ.ने दिलं. चिखलाआधीच उतरून बांधावर उभी होती, गाडीकडे बघत. "सीटा चामड्याच्या. खणातलं कागदांचं पाकीटही चामड्याचं. अहो, आपल्यात लिंग चामड्यावर ठेवतात का? अख्ख्या गाडीत चामडं नाही आणि कुणाचा पाय लागत नाही, अशी एकच जागा आहे. ही."

आणि मला ती सुती चादर आठवली, जी मी लॉजची म्हणून फेकली होती.

गाडी मग ट्रॅक्टरविनाच निघाली. यात चमत्कार नाही हं, बसूने मधल्या वेळात चाकांखाली उसाचं पाचट कोंबलं होतं. पण मी घरी गेलो नाही. चिखलाची गाडी तशीच थेट धर्माबादला. सौ. मागे बसली, मांडीवर तीच चादर, चादरीवर डबी. डावी सीट मुद्दाम रिकामी ठेवली. अडीच-तीन तास. गाडीने ब्र काढला नाही.

काकूंनी डबी हातात घेतली. उघडली नाही. बोटाने वरचा पोचा चाचपला — लहानपणी आप्पांनी ती विहिरीच्या कठड्यावर आपटली होती म्हणे — आणि कपाळाला लावून खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी स्वामींना बोलावून समाधीशेजारी ती मातीत द्यायचं ठरलं. तसं झालंही, आम्ही मुक्काम करून हजर होतो.

परतताना नायगाव आलं तेव्हा मी आपोआप श्वास रोखला. काही नाही. त्याला आता वर्ष होत आलं. उत्तर, दक्षिण, औसा, उदगीर — गाडी गप्प. शोरूममधल्या इंजिनियर पोराने सगळा रेकॉर्ड काढून दिला. त्यात लिहिलंय की पट्ट्याचा इशारा या गाडीत एकदाही वाजलेला नाही. मी कागद जपून ठेवलाय. डबी होती डिक्कीत, सेन्सर पुढच्या सीटमध्ये, दोघांचा एकमेकांशी वायरीचा संबंध नाही. तर्क सगळे करून झाले. मला कळलेलं नाही, रफिक उस्तादलाही नाही. आपल्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा.

फक्त एक राहिलं. विधी आटोपल्यावर त्या संध्याकाळी स्वामींसोबत चहा घेताना मी काकूंना टिंग टिंगची हकिकत सांगितली. मग त्यांनी विचारलं, "कोन्त्या सीटचं?"

"डाव्या. पुढच्या."

काकू कायम त्याच सीटवर बसायच्या. पट्टा कधी लावायच्या नाहीत, गळ्यातल्या लिंगावर घासतो म्हणून. आणि आप्पा दर फेरीला त्यावरून भांडायचे.

काकूंनी पदराने डोळे पुसले, भिंतीवरच्या आप्पांच्या फोटोकडे वळल्या, आणि स्वामींसकट सगळे चमकतील अशा आवाजात म्हणाल्या —

"जल्मभर पट्टा लाव, पट्टा लाव म्हणून डोस्कं खाल्लंत... अहो, डिक्कीत ठेवलंय येवढं सांगायचं सोडून, मेल्यावर बी पट्टाच व्हय?"