वस्तीची गाडी

तेव्हा देवगडहून मिठबावला जाणारी एसटीची वस्तीची गाडी माझ्याकडे होती. संध्याकाळी गाडी गावात न्यायची, तिथेच गाडीत झोपायचं आणि उजाडताना परत फिरायचं. बायको आणि चार वर्षांची मुलगी सावंतवाडीला. मला घरी परतता येईल अशी दिवसाची गाडी हवी होती. डेपोतल्या साहेबांना विनवून विनवून थकलो होतो.

अशात ऐन श्रावणात एका उतारावर रस्त्याची कड खचली आणि मागचं चाक लोंबकळलं. माणसं दाराकडे धावली. मी ब्रेकवर पाय दाबून धरला आणि पानावर बसायला सांगावं तशा आवाजात म्हटलं, ‘‘घाय करू नकात. एकेक उतरा.’’

मासळीची पाटी घेतलेली एक म्हातारी दारात थांबून विचारते, ‘‘माजो गाव इलो?’’

‘‘नाय गे आये, पण उतर.’’

सगळी उतरली. कुणाला खरचटलंही नाही.

साहेब खूश. म्हणाले, ‘‘एवढं थंड डोकं दुसऱ्या कुणाचं नाही. या रस्त्याला तुम्हीच हवेत.’’ झालं! बक्षीस म्हणून वस्तीच कायमची माझ्या गळ्यात पडली.

गावाने मला उपाशी मात्र ठेवलं नाही. घरांनी वार लावून घेतले होते. सोमवारी एका घरचं ताट, मंगळवारी दुसऱ्या घरचं. आणणारा ‘जेवा’ म्हणून निघून जायचा. मग मी आणि रिकामी बाकं. घास तोंडात फिरायचा. फार एकटं वाटायचं. थंड डोक्याच्या माणसाला तसं वाटत नसणार, अशी सगळ्यांची समजूत होती.

सुट्टीला घरी गेलो की मुलीला या वारांच्या गोष्टी सांगायचो. कुणाकडची सोलकढी, कुणाकडचं बांगड्याचं सार. ती मन लावून ऐकायची.

पुढे लग्नसराईत सुट्ट्या मिळेनात. बऱ्याच दिवसांनी घरी गेलो. ती उंबऱ्यावर बसली होती. माझ्या खाकी कपड्यांकडे बघून उठली, वाट सोडून बाजूला झाली आणि मोठ्या माणसासारखं विचारलं, ‘‘वस्तीक इलात? आज आमचो वार?’’

‘आपलो’ नाही. ‘आमचो’.

आतून बायको हसत म्हणाली, ‘‘अगो, बापूस तो तुजो.’’

मी एक चप्पल काढली होती. दुसरी काढायची की नाही, ते मला सुचेना.